अर्धा इंच भागिले ८७

मिरज-पंढरपूर छोट्या गाडीच्या खिडक्यांना आडवे गज होते. सात-आठ वर्षांचा असताना आषाढीला आजीबरोबर त्या गाडीनं जायचो आणि कवठेमहांकाळ येईपर्यंत गजाला गाल टेकवून बसायचो. उतरल्यावर गालावर गंजाचा पट्टा. बार्शी लाइट, म्हणजे हीच छोटी लाइन, मिरजेपर्यंत आली १९२७ साली, आणि मोठी लाइन पडली तशी गेली.

तिच्या एका डब्याचं छोटं मॉडेल मी १:८७ या मापात, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान, करतोय. अडीच फुटी लाइन म्हणजे ७६२ मिलिमीटर, ८७ नं भागलं की ८.७६. बाजारात तयार मिळणाऱ्या ९ मिलिमीटरच्या रुळावर डबा बिनतक्रार बसतो. इथपर्यंत सगळं छान चाललं होतं, मग गज आले. जुन्या फोटोवरून गज अर्ध्या इंचाचा धरला. अर्धा इंच भागिले ८७ म्हणजे ०.१४६ मिलिमीटर. प्लॅस्टिकची सगळ्यात बारीक काडी लावून बघितली, तर खिडकीचं कोंबड्यांचं खुराडं झालं. तांब्याची तार लावली, ती काही केल्या सरळ राहीना. शेवटी पितळी पत्र्यातून अख्खी जाळीच काढायची ठरवली. पत्र्यावर प्रकाशानं चित्र उमटवायचं आणि नको तेवढा पत्रा रसायनाला खायला घालायचा.

माझं सांगलीत खणभागात स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान आहे, लग्नपत्रिका आणि पिशव्या. त्यामुळं हे काम मला परकं वाटलं नाही. खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईच्या काळात पत्रिकेवरचा गणपती ज्या ब्लॉकवरून उठायचा तो ब्लॉकसुद्धा असाच व्हायचा: जस्ताचा पत्रा, त्यावर फोटोनं उमटवलेलं चित्र, आणि नायट्रिक ॲसिड. आपण तेच करणार आहोत, फक्त पत्रा आरपार जाईपर्यंत.

ज्यांनी स्क्रीन उघडली आहे त्यांना एका वाक्यात सांगतो: शाई जिथं पडायची तिथं ॲसिड पडणार. चित्र छापलेल्या पारदर्शक फिल्मवर काळं असेल तिथला पत्रा जाणार, कोरं असेल तिथला राहणार. बाकीच्यांनी हे वाक्य कागदावर लिहून कॉम्प्युटरसमोर चिकटवावं. पहिल्या खेपेला निम्मे लोक उलटं करतात आणि खिडकी राहून भिंत विरघळते.

आता पत्रा. दुकानात 'पितळी शिम द्या' म्हणायचं आणि जाडी गेजमध्ये सांगायची. ३६ गेज म्हणजे साधारण ०.१९ मिलिमीटर, ३८ गेज म्हणजे ०.१५. पायऱ्या, कंस, डब्याच्या बाजू यांना ३६ बरा. गजांना ३८ च पाहिजे, कारण या सगळ्या उद्योगाचा कायदा एकच आहे: पत्र्याच्या जाडीपेक्षा बारीक काही मागू नका. गज असो, भोक असो, दोन भागांमधली फट असो, पत्र्याच्या जाडीहून कमी रुंदीचं काढलंत तर गज तुटतो आणि फट उघडत नाही. माझा गज ०.१४६, पत्रा ०.१५. अगदी कडेवर आलो, पण आलो.

याचं कारण असं, की रसायन सरळ खाली खात नाही, बाजूलाही खातं. पत्र्यावर चढवलेल्या संरक्षक थराच्या आडोशाला शिरून कड कुरतडतं. दोन्ही बाजूंनी एकदम खायला लावलं की निम्म्या वेळात मधे गाठ पडते आणि कड कमी जाते, म्हणून चित्र पुढून आणि मागून असं दोन्हीकडं लागतं. तरीही माझ्या टाकीत ३८ गेजच्या पत्र्याला प्रत्येक कडेला ०.०४ जातं. म्हणजे ०.१५ चा गज हवा असेल तर चित्रात ०.२३ काढायचा. मी ०.२५ काढतो, हात राखून. तुमच्या टाकीत हा आकडा वेगळा येईल. पहिल्या पत्र्यावर गाडीचं काहीही न काढता नुसत्या रेघा काढा, ०.१५ पासून ०.४० पर्यंत, आणि खाऊन झाल्यावर मापून बघा. तो पत्रा फुकट गेला असं वाटेल. मी माझा भिंतीवर लावलाय, रोज बघतो.

चित्र मी कॉम्प्युटरवर इंकस्केप या प्रोग्रॅममध्ये काढतो. फुकट आहे आणि भाच्यानं दोन रविवारात शिकवलं. एका खिडकीत पाच गज, मधलं अंतर चार इंच धरलं तर मापात १.१७ मिलिमीटर. सगळे भाग एका चौकटीत मांडायचे आणि प्रत्येक भाग चौकटीला बारीक दांडीनं जोडलेला ठेवायचा, नाहीतर तो सुटून टाकीच्या तळाला जातो आणि तिथं उरलासुरला विरघळतो. या दांडीला मी नाळ म्हणतो. नाळ ०.४ रुंद, आणि एकाच बाजूनं खाल्लेली, म्हणजे निम्म्या जाडीची ठेवली की नंतर ब्लेडच्या एका दाबात सुटते.

हे निम्म्या जाडीचं प्रकरण नीट समजून घ्या, सगळी मजा त्यात आहे. पुढच्या फिल्मवर काळं आणि मागच्या फिल्मवर कोरं असेल तर तिथं पत्रा अर्धाच खाल्ला जातो. दुमड घालायची तिथं असा एक चर द्यायचा, पत्र्याच्या जाडीइतका रुंद. चर दुमडीच्या आतल्या बाजूला येतो, बाहेरच्या नाही. मी पहिल्या बारा पायऱ्यांना तो बाहेर दिला. काटकोनात वाकवल्या तर बाराच्या बारा हातात दोन-दोन तुकडे होऊन आल्या. रिव्हेटही असेच होतात: मागच्या बाजूला ०.३५ चा अर्धा खाल्लेला ठिपका ठेवायचा आणि नंतर रबरावर पालथा टाकून बोथट सुईनं दाबायचा, पुढं फुगवटा येतो. डब्याच्या एका बाजूला असे दीडशेच्या वर रिव्हेट आहेत. बायको टीव्हीवर मालिका बघते, मी रिव्हेट दाबतो.

आणखी एक. डब्याच्या मोठ्या खिडकीसारखी जागा पूर्ण काळी करू नका, नुसती तिची बाह्यरेषा काळी करा. आतला तुकडा आपोआप गळून पडतो. रसायन कमी संपतं, आणि सगळीकडं फटी सारख्या रुंदीच्या राहिल्यामुळं खाण्याचा वेगही सारखा राहतो. भोवतीची चौकट मात्र पाच-सहा मिलिमीटर रुंद ठेवा. कडेला पत्रा लवकर जातो, मधे उशिरा.

फिल्म लेझर प्रिंटरवर काढतो, १२०० डीपीआयला. ६०० ला एक ठिपका ०.०४२ मिलिमीटरचा असतो, तीन-चार ठिपक्यांत तुमचा चर संपला. डीटीपीवाल्याला 'पॉझिटिव्ह पाहिजे, आरशातलं' एवढं सांगितलं की पुरतं. आरशातलं अशासाठी, की शाईची बाजू पत्र्याला चिकटून बसली पाहिजे. फिल्मची जाडी मधे आली की उजेड तिरका शिरतो आणि रेघ पसरते. लेझरच्या उष्णतेनं फिल्म आकसते, म्हणून कोरी फिल्म एकदा नुसतीच मशीनमधून काढून घ्यायची, आणि पुढची-मागची दोन्ही चित्रं एकाच फिल्मवर शेजारी शेजारी छापायची. आकसली तर दोन्ही सारखीच आकसतील. उजेडाकडं धरल्यावर काळ्यातून दिवा दिसत असेल तर दोन प्रती एकावर एक चढवा.

मग पाकीट. दोन्ही फिल्म शाईची बाजू आत करून कोपऱ्यातल्या फुल्या जुळवायच्या, खाली काच, काचेखाली दिवा आणि डोळ्याला भिंग. जुळल्या की दोन कडांना त्याच पत्र्याची पट्टी मधे घालून चिकटवायचं. पट्टी नसेल तर पत्रा आत सरकवताना फिल्म ओढली जाते. इथं ०.०५ चा फरक पडला तर तयार गजाला दोन्हीकडून पायऱ्या पडतात. तासभर गेला तरी चालेल.

पत्रा धुणं ही बायकांच्या अनुभवाची गोष्ट आहे आणि मी आईला विचारून केली. चिंच आणि मीठ. त्यानंतर १००० नंबरचा वॉटर पेपर हलक्या हातानं गोल गोल, मग भांड्याचा साबण, भरपूर पाणी. शेवटी पत्रा उभा धरून बघायचं. पाणी सलग चादरीसारखं पसरून राहिलं तर स्वच्छ. थेंब थेंब तुटलं तर अजून तेलकट आहे, परत चिंच. इथून पुढं पत्रा फक्त कडेला धरायचा.

पत्र्यावर चढवायची ती ड्राय फिल्म, उजेड लागेल तिथं घट्ट होऊन रसायन अडवणारा थर. निळसर हिरवा रोल मिळतो, प्रिंटेड सर्किटवाले वापरतात. तिला दोन्हीकडून पातळ प्लॅस्टिकचं आवरण असतं. आतल्या बाजूचं मऊ आवरण चिकटपट्टीचे दोन तुकडे दोन्हीकडं चिकटवून झटक्यात ओढून काढायचं, ती बाजू पत्र्यावर. वरचं कडक आवरण तसंच ठेवायचं. झेरॉक्सवाल्याकडचं लॅमिनेशन मशीन या कामाला उत्तम, ११० अंशाच्या आसपास, तीनदा काढलं की बसते. ट्यूबलाइट बंद, पिवळा बल्ब चालू. पावसाळ्यात हे काम मी करत नाही. सांगलीची जुलैमधली हवा पत्र्यावर पाणी धरते आणि फिल्मखाली फुगे येतात. २०१९ च्या महापुरात माझा अख्खा रोल तळघरात भिजला, तेव्हापासून रोल माळ्यावर, काळ्या पिशवीत.

उजेडासाठी माझ्याकडं दुकानातला एक्स्पोजिंग बॉक्स आहे. तो नसेल तर पार्लरमध्ये नखं वाळवायचा निळा दिवा चालतो. दिव्याकडं बघायचं नाही. पाकिटात पत्रा घातला की वरून साधी काच आणि कडेनं क्लिपा, म्हणजे फिल्म घट्ट बसते. किती सेकंद, हे मी सांगू शकत नाही, कुणीच सांगू शकत नाही. चाचणीची पट्टी काढावी लागते. पत्र्याच्या एका तुकड्यावर पुठ्ठा दर १० सेकंदांनी बोटभर सरकवत जायचा आणि धुतल्यावर बघायचं. कमी झालं असेल तर फिल्म धुण्यातच निघून जाते. जास्त झालं असेल तर बारीक काळ्या रेघांतसुद्धा फिल्म चिकटून बसते. मधला आकडा तुमचा. माझा ७० सेकंद आहे, दोन्ही बाजूंना वेगवेगळा दिलेला. उजेड लागलेली जागा गडद होते, चित्र तिथल्या तिथं दिसायला लागतं. अजूनही बघत बसतो मी ते.

पंधरा मिनिटं थांबून धुवायचं. धुण्याचा सोडा, एक लिटर कोमट पाण्यात १० ग्रॅम. खाण्याचा सोडा नव्हे, त्यानं काही होत नाही. आणि धुण्याआधी ते वरचं कडक आवरण काढायचं! एकदा मी अर्धा तास पत्रा सोड्यात हलवत बसलो, सोडा वाढवला, पाणी गरम केलं, सोड्याच्या पुडीवाल्याला शिव्या घातल्या. आवरण तसंच होतं. काढलं असेल तर दीड-दोन मिनिटांत, मऊ ब्रशनं, काळ्या जागांतून लख्ख पितळ उघडं पडतं. भिंगाखाली प्रत्येक रेघ बघा. फिल्मला कुठं टाचणीएवढं भोक असेल तर नेलपॉलिशचा ठिपका द्या. पत्र्याची उघडी कडही नेलपॉलिशनं बंद करा.

आता फेरिक क्लोराइड. सगळे ॲसिड म्हणतात, मीही म्हणतो. खरं तर ते लोखंडाचं मीठ आहे. पिवळट तपकिरी खडे मिळतात. एक लिटर पाण्याला ५०० ग्रॅम. खडे पाण्यात घालायचे, थोडे थोडे, थांबत थांबत, कारण पाणी चांगलंच तापतं. उलट, खड्यांवर पाणी ओतू नका. हातात रबरी मोजे, डोळ्याला संरक्षक चष्मा, खिडकी उघडी, अंगात टाकाऊ शर्ट. भांडं प्लॅस्टिकचं. चिमटा प्लॅस्टिकचा. स्टील नाही, ॲल्युमिनियम तर मुळीच नाही.

स्टीलचं का नाही ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. डिसेंबरात रसायन थंड पडतं आणि खायला कंटाळतं, ४० ते ४५ अंशाला आणावं लागतं. मी प्लॅस्टिकचा डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवला होता. पातेलं बायकोचं, दुधाचं, तिच्या माहेरचं. डबा उचलताना कलंडला. मी पाणी ओतून टाकलं, पातेलं वरवर विसळलं आणि ओट्याखाली सारलं, सकाळी बघू म्हणून. सकाळी तळाला सुईच्या टोकाएवढे खड्डे, शेकडो, आणि दोन ठिकाणी उजेड आरपार. शहाबादी फरशीवर जे सांडलं त्याचा डाग अजून आहे, जाणार नाही. आता प्लॅस्टिकच्या घमेल्यात गरम पाणी घेतो. एप्रिल-मेमध्ये तेही लागत नाही, सांगलीची हवाच काम करते.

पत्रा प्लॅस्टिकच्या दोऱ्यानं उभा टांगायचा आणि खाली फिश टँकचा पंप सोडायचा. बुडबुड्यांनी रसायन हलतं राहतं, नाहीतर पत्र्यावर गाळ बसतो आणि तिथं खाणं थांबतं. दर तीन मिनिटांनी पत्रा उलटा करायचा, वरची बाजू खाली. पितळाचा रंग आधी तांबूस होतो, घाबरू नका. दहाव्या मिनिटाच्या आसपास पत्रा पाण्यात बुडवून दिव्यासमोर धरा. कडेच्या फटीतून उजेडाचा एक ठिपका दिसतो. मग दुसरा. मग एका खिडकीचे पाचही गज उजेडात उभे राहतात. इथून पुढं घड्याळ बघायचं नाही, पत्रा बघायचा, दर मिनिटाला. मधल्या शेवटच्या फटी उघडेपर्यंत कडेचे गज बारीक होत असतात. सगळंच शंभर टक्के उघडायची वाट बघितली तर निम्मं गमावाल. मी दोन-तीन फटी अडलेल्या असतानाच बाहेर काढतो आणि त्या सुईनं मोकळ्या करतो.

लगेच भरपूर पाणी, मग सोड्याच्या पाण्यात एक बुडी. उरलेली फिल्म ॲसिटोननं काढता येते. कॉस्टिक सोड्यानं जास्त स्वच्छ निघते, पण कॉस्टिक डोळ्यात गेलं तर डोळा जातो, तेव्हा चष्मा परत चढवा.

भाग कापताना खाली रबरी मॅट घेऊ नका, पत्रा दबून वाकतो. फरशीचा गुळगुळीत तुकडा घ्या, नवं ब्लेड, आणि नाळ भागाच्या कडेला लागून दाबून तोडा. उरलेला काटा बारीक कानशीनं, एकाच दिशेनं. दुमडीला दोन स्टीलच्या पट्ट्या: एकीनं भाग टेबलावर दाबून धरायचा, दुसरी खालून सरकवून एका दमात उचलायची. परत सरळ करायला जाऊ नका, चर एकदाच वाकतो. छताच्या पत्र्यासारखा गोलवा द्यायचा असेल तर आधी गॅसवर मंद लाल होईपर्यंत तापवून गार होऊ द्या, पितळ मऊ पडतं. गज मात्र तापवू नका, लोळागोळा होतात. जोडायला पायऱ्यांना डाग, म्हणजे सोल्डर, जाळीला फेव्हिक्विकचा सुईच्या टोकावरचा थेंब. रंगाआधी मेटल प्रायमर, पातळ, नाहीतर नखानं सोलून निघतो.

आता वापरलेलं रसायन, आणि यात मी कुणाचं ऐकत नाही. त्यात विरघळलेलं तांबं असतं, माशांना ते विष आहे. मोरीत ओतलेलं गटारात जातं आणि शेरीनाला कृष्णेला जाऊन मिळतो हे सांगलीकराला सांगायला नको. रसायन हिरवट काळं पडून मंदावलं की मोठ्या बादलीत घ्या, अर्ध्याहून जास्त भरू नका, आणि धुण्याचा सोडा चमच्याचमच्यानं घाला. फसफसून वर येतं, म्हणून बादली मोठी. फसफस थांबेपर्यंत घालत राहा. दोन दिवसांत गाळ खाली बसतो. वरचं पाणी निळसर दिसलं तर तांबं अजून आहे, आणखी सोडा. गाळ वाळवून डब्यात भरून ठेवतो. कुपवाड एमआयडीसीत प्लेटिंगचं काम करणारे ओळखीचे आहेत, त्यांचा घातक कचरा अधिकृत गाडी नेते, वर्षातून एकदा माझा डबा त्यात जातो.

डब्यावर मी लाल रंगानं 'विष' असं लिहिलंय, लहान मुलं घरात येतात म्हणून. त्याखाली स्केचपेननं दुसऱ्या अक्षरात एक ओळ आहे: 'पातेलं कधी आणणार?'